विंडोज १० नंतर काय? घरच्या संगणकापुढील मुक्तस्रोत पर्याय

विशेष प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार थांबवला आणि जगभरातील असंख्य घरांमधील धडधाकट संगणक अचानक 'कालबाह्य' ठरले. त्या तारखेनंतर हे संगणक बंद पडले नाहीत. ते पूर्वीप्रमाणेच सुरू होतात, त्यांवर ईमेल पाहता येतात, वीजबिल भरता येते, बँकेचे व्यवहारही होतात. खरा धोका यातच आहे. प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजवणाऱ्या दुरुस्त्या येणे थांबते आणि संगणक उघडा पडल्याची कोणतीही खूण वापरणाऱ्याला दिसत नाही.

'विंडोज ११' घ्यावे, तर त्यासाठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजेच २०१५-१६ मध्ये घेतलेला संगणक कितीही नीट चालत असला, तरी अधिकृतपणे तो अपात्र ठरतो. कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देण्याची योजना जाहीर केली. पण त्यामुळे प्रश्न सुटला नाही, केवळ वर्षभर पुढे गेला. नवा संगणक घेण्याचा खर्च टाळायचा, तर ओपन सोर्स अर्थात मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमचा पर्याय उरतो. मात्र या वाटेवर पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसापुढे डझनावारी नावांची यादी येते आणि प्रत्येक जण आपलीच प्रणाली सर्वांत सुरक्षित असल्याचे सांगतो. निवड करायची तरी कशाच्या आधारे?

धोका काल्पनिक नाही

दुरुस्त्यांचे महत्त्व समजण्यासाठी २०१७ कडे पाहावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील विंडोज संगणक वेठीस धरले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्यात कोलमडले. त्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. बळी पडले ते प्रामुख्याने ही दुरुस्ती न बसवलेले संगणक. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'नॉटपेट्या'ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प केली. न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरात याच समूहाच्या टर्मिनलवरील कामकाज विस्कळीत झाल्याने त्याची झळ थेट महाराष्ट्रापर्यंत पोहोचली.

दुरुस्ती हाती असतानाही ती न बसवणे एवढे महागात पडत असेल, तर दुरुस्ती येणेच बंद झालेल्या संगणकाची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

मुक्त म्हणजे सुरक्षित?

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला 'लिनक्स' हा मुळात ऑपरेटिंग सिस्टीमचा केवळ गाभा आहे. त्याला खिडक्या, मेनू, ब्राउझर, कार्यालयीन सॉफ्टवेअर आदींची जोड देऊन जो संच तयार होतो, त्यास 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट ही अशा संचांची नावे. त्यांचा गाभा एकच असला, तरी दुरुस्त्या कोण पाठवणार आणि किती वर्षे पाठवणार, हे प्रत्येक संचात वेगळे असते.

मुक्तस्रोत प्रणालीचा कोड कोणालाही तपासता येतो, म्हणून ती सुरक्षित असते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु तो अर्धाच आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड युटिल्स' या जवळपास सर्वच लिनक्स संचांत असणाऱ्या छोट्या घटकात जाणूनबुजून पेरलेले चोरदार आढळले. ते पेरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून प्रकल्पात विश्वास कमावला होता. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड याला लॉगिनसाठी सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि त्याने केलेल्या तपासातून हा प्रकार उघड झाला.

कोड खुला होता म्हणूनच बाहेरच्या अभियंत्याला मुळाशी जाता आले, हे खरे. पण कोड खुला असूनही तो तोवर कोणाच्या नजरेस पडला नाही, हेही तितकेच खरे. घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने यातील तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा सदोष घटक फेडोरा आणि डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत, तसेच सतत नवे ते स्वीकारणाऱ्या काही संचांत पोहोचला होता. डेबियनची स्थिर आवृत्ती आणि उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या त्यापासून दूर राहिल्या. प्रत्येक नवी गोष्ट प्रथम आपल्याकडे यावी, हा सोस घरच्या संगणकाला परवडणारा नाही, हाच यातला धडा.

नवख्यांसाठी कोणती?

या कसोटीवर दोन नावे पुढे येतात. पहिले उबुंटूची 'एलटीएस' अर्थात दीर्घ मुदतीची आवृत्ती. कॅनॉनिकल ही कंपनी ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये प्रसिद्ध करते आणि प्रमुख घटकांना पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या पुरवते. 'उबुंटू प्रो' ही वाढीव संरक्षण देणारी सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत मोफत आहे. दुसरे नाव उबुंटूवरच आधारलेल्या लिनक्स मिंटचे. त्याच्या 'सिनॅमन' आवृत्तीची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती असल्याने आयुष्यभर विंडोज वापरलेल्या ज्येष्ठांनाही ती फारशी परकी वाटत नाही. जुलै २०२४ मधील 'मिंट २२' मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. काही बिघडलेच तर प्रणाली पूर्वस्थितीत नेणारे 'टाइमशिफ्ट' हे साधनही त्यात असते.

फेडोरा ही दर्जेदार प्रणाली असली, तरी तिच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो. वेळोवेळी नव्या आवृत्तीवर जाण्याची शिस्त असलेल्यांसाठी ती योग्य. इतरांनी विचार करावा. डेबियनची स्थिर आवृत्ती भरवशाची, पण पहिल्या पायरीला किंचित अवघड. 'काली' ही सुरक्षा-तज्ज्ञांच्या चाचण्यांसाठी आहे, तर 'क्यूब्ज' आणि 'टेल्स' यांची रचना विशिष्ट, टोकाच्या गरजांसाठी झालेली आहे. 'सुरक्षा' हा शब्द वाचून घरच्या संगणकावर त्या बसवणे म्हणजे भाजी आणायला चिलखत घालून जाण्यासारखे होईल. जी प्रणाली झेपत नाही, ती माणूस चार दिवसांत सोडून पुन्हा असुरक्षित विंडोजकडे वळतो.

अडचणी कोठे येतात?

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न मराठीचा येतो. युनिकोड मराठी या प्रणालींत व्यवस्थित दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक त्यांत उपलब्ध आहे आणि 'लोहित'सारखे मुक्त फॉन्टही आहेत. अडचण आहे ती श्रीलिपीसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित केलेल्या जुन्या मजकुराची. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे श्रेयस्कर. घरून हिशेब लिहिणाऱ्यांना 'टॅली'साठी विंडोजच लागते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुना प्रिंटर यांचीही आधी खात्री करून घ्यावी. केवळ टॅलीसाठी विंडोज १० ठेवणे भाग असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडलेला बरा.

मुक्तस्रोत प्रणाली सामान्यांना जमत नाही, या समजाला मात्र देशातच उत्तर आहे. केरळमधील सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअरची कास धरली आणि तेथील मुले त्यावरच संगणक शिकत आली आहेत.

बसवण्यापूर्वी

या प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता चालवून पाहता येतात. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि बँकेचे संकेतस्थळ या पाच गोष्टी तेव्हाच तपासाव्यात. छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. प्रणाली अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि सोबत दिलेला पडताळणी क्रमांक जुळवून पाहावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावरील दुवा बदलून लोकांना भेसळयुक्त प्रत दिली होती. त्यामुळे पडताळणीचा क्रमांक निराळ्या, विश्वासार्ह ठिकाणाहूनही तपासणे उत्तम.

बसवताना डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडल्यास चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधील माहिती तरी वाचते. मात्र तो पासवर्ड विसरल्यास ती मालकालाही परत मिळत नाही. उबुंटू आणि मिंट या दोन्हींत फायरवॉल सुरुवातीला बंद असते. ती सुरू करावी. सॉफ्टवेअर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावे. कोठेतरी वाचलेली आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नये.

एवढे करूनही फोनवर ओटीपी मागणाऱ्या भामट्यापासून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम वाचवत नाही, याचे भान ठेवायला हवे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने त्रुटींतून होणाऱ्या घुसखोरीची जोखीम कमी होते. सावधगिरीची गरज संपत नाही. तेव्हा नवख्याने सर्वांत बलाढ्य प्रणालीच्या शोधात अडकू नये. जिच्या दुरुस्त्या पुढील काही वर्षे नक्की येणार आहेत आणि जी घरातील प्रत्येकाला रोज वापरता येईल, अशी एक निवडावी, आणि दुरुस्तीची सूचना आली की त्याच दिवशी ती बसवावी. आधार संपलेल्या संगणकावरून दरमहा बँकेचे व्यवहार करीत राहणे हा मात्र या यादीतील सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि बहुतेक घरांत तोच नकळत निवडला जात आहे.