पणजोबांचा कागद कोणाकडे आहे?

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो. बाबू म्हणाला, १९५० चा रहिवासी पुरावा आणा. मी म्हणालो, त्याच्याही आधीपासून आम्ही इथलेच, पणजोबा महूच्या छावणीत पलटणीत होते. तो म्हणाला, कागद आणा.

माझ्याकडे कागद नाही, आजीचे शब्द आहेत. मूळ गाव दापोलीकडचं, पणजोबांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’, पलटणीबरोबर इथे आले. जमीन? गावकुसाबाहेरच्यांना कोण देणार?

छावणीतल्या गोऱ्यांच्या दफनभूमीत जाऊन बघा. साध्या शिपायाचंही नाव, पलटण, मृत्यूची तारीख दगडावर कोरलेली. चर्चमधल्या दफननोंदींच्या प्रती लंडनला जात, म्हणून त्यांचे वारस आज घरबसल्या पूर्वज शोधतात. पणजोबांच्या डोक्याशी एक बिनअक्षरी धोंडा होता. आता तिथून रस्ता गेलाय.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ लावलेली २२ नावं आहेत. आपण १ जानेवारीला तिथे मानवंदना देतो. पण त्या नावांपुढे गाव नाही, आडनाव नाही. तिथूनही घरापर्यंतची वाट सापडत नाही.

सवर्णांचं तसं नाही. त्यांचे कुलवृत्तांत छापून निघतात, तीर्थाच्या भटांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. वंशावळ हीसुद्धा मालमत्ताच आहे, आणि तीही आम्हाला नाकारली गेली.

सरकारला आमची जात ठाऊक नव्हती, असं कोणी म्हणू नये. १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चं खूळ काढून महारांची भरती बंद केली, ती जात पाहूनच. गोपाळ बाबा वलंगकर स्वतः पलटणीतले. त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळेंनी पुन्हा लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. घेताना जात पाहिली, काढताना जात पाहिली. आता दाखला द्यायची वेळ आली तर जातीचा पुरावा मी आणायचा!

माझं म्हणणं सरळ आहे. भरतीचे, पेन्शनीचे कागद सरकारी दप्तरात आहेत, माझ्या ट्रंकेत नाहीत. ते सरकारने शोधावेत, सगळ्यांसाठी खुले करावेत. सापडत नसतील तर आजीचा शब्द आणि वस्तीची साक्ष पुरावा माना. दप्तर तुमचं, ते जपलं नाही तुम्ही. त्याची शिक्षा माझ्या लेकीने का भोगायची?

जय भीम.