चांगुलपणाचा भाव
डाव-पेच : साप्ताहिक स्तंभ

तिघींना सोडवलं तर ४४०, तिघींचा जीव घेतला तर ४८०. हा हिशोब २००७ साली आलेल्या ‘बायोशॉक’ या व्हिडिओ गेममधला. समुद्राच्या तळाशी मोडकळीला आलेल्या शहरात खेळाडूला लहान मुली भेटतात. त्यांच्या अंगात ‘ॲडम’ नावाचं द्रव्य असतं आणि ते देऊन नव्या शक्ती विकत घेता येतात. मुलीला मारलं की १६० ॲडम, सोडवलं की ८०. पण तीन मुली सोडवल्या की वर २०० ॲडमची भेट येते, शिवाय एखादी शक्तीही फुकट. म्हणजे सज्जनपणात खोट आली ती जेमतेम ४०ची, आणि तीही भरून निघते.

भाईंदर पूर्वेला आमच्या केबिन रोडवर आईबापांची काळजी वेगळीच असते. “अहो, हे गेम खेळून पोरं गुंड होतील ना?” असं मला अधूनमधून कुणीतरी हटकतं. सायबर कॅफेत बसून ‘व्हाइस सिटी’मध्ये गाड्या पळवणारी पिढी आज निमूटपणे सकाळची लोकल पकडते आणि घराचे हप्ते फेडते, हे माझं नेहमीचं उत्तर. त्याला आकड्याचाही आधार आहे. ‘मास इफेक्ट’मध्ये सद्वर्तनाचे गुण निळे आणि आडदांडपणाचे लाल. तो बनवणाऱ्या ‘बायोवेअर’च्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितलं की साधारण ९२ टक्के लोक निळ्या वाटेनेच गेले. लाल वाटेचे संवाद रचण्यात या मंडळींनी केवढे कष्ट घेतले होते, पण तिकडे फारसं कुणी फिरकलंच नाही.

मला खटकतो तो हा निळा रंगच. बरोबर उत्तर आधीच रंगवून दिलं, त्याला बक्षीस लावलं आणि बिघडलंच काही तर मागचा सेव्ह उघडायची सोय ठेवली. मग निवड उरली कुठे? त्या ९२ टक्क्यांत मीही आहे, पण त्यात माझं पुण्य काय?

आपल्याकडचा मोक्षपट तरी काय वेगळा होता? परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावे सांगते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि वर मोक्ष. पण सापाच्या तोंडी जायचं की शिडी चढायची, हे ठरवणार कवड्या. तिथे निवड नव्हती आणि पटाने तसा आवही आणला नाही.

खरी निवड मला सापडली ती लुकास पोप यांच्या २०१३च्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये. तुम्ही सीमेवरचे कारकून. नवऱ्याची कागदपत्रं बरोबर निघतात, तो पलीकडे जातो. मागून आलेल्या बायकोकडे परवाना नाही आणि ती गयावया करते. सोडलं तर तुमच्या नावावर चूक लागते. चुका साठल्या की पगार कापतात. संध्याकाळी भाडं, जेवण, शेकोटी, औषध यांचा मेळ घालायला बसलात की दयेची किंमत कळते. पडद्यावर पाप-पुण्याची पट्टी कुठेही नाही.

असा खेळ आपल्या भाषेत, आपल्या रस्त्यावरचा का नसावा? पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. देखणा खेळ; पण त्यात राक्षस कोण हे पहिल्यापासून ठाऊक. त्याऐवजी खेळाडूला केबिन रोडवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी करा. मे महिना, पाणी कमी, हाती एकच टँकर. ए विंगने वर्गणी वेळेवर भरलीय. बी विंगने थकवलीय, पण तिथे एक तान्हं मूल आणि एक अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. वाल्व्ह कुणाचा उघडाल? परिणाम त्याच रात्री दाखवू नका. चार महिन्यांनी, वार्षिक सभेत दाखवा.

तोवर आईबापांना एकच सुचवतो. पोराने खेळात किती माणसं मारली हे मोजत बसू नका. ‘आज चांगलं वागून तुझं काय गेलं?’ असं विचारा. ‘काहीच नाही’ म्हणाला, तर त्याला दुसरा गेम आणून द्या.

— खेळगडी