‘मिटवून टाका’ म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी सायकलवरून घरी जात होती. रस्त्याची साइडपट्टी पाण्याने वाहून गेलेली, डांबराच्या कडेला वीतभर खड्डा. खाली उतरली तर पडणार, म्हणून ती डांबरावरूनच चालवत होती. मागून आलेल्या पिकअपने ओव्हरटेक करताना तिला उडवलं. अल्लाहचा शुक्र, जीव वाचला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

त्याच रात्री हॉटेलात बैठक बसली. गाडीमालक, मुलीचे अब्बा, मोहल्ल्यातले चार जबाबदार लोक आणि मी. पंचवीस हजारांवर ठरलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं लिहायचं होतं. कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." मी लिहिलं. अब्बांनी सही केली आणि मला म्हणाले, "जाने दो सर, बच्ची की जान बच गई, बस."

पुढे ऑपरेशन झालं, पायात रॉड बसला. खर्च सव्वा लाखावर गेला. सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्या त्या माणसाने उधारी केली. मुलीचं वर्ष बुडालं. वाकडी झालेली सायकल अजून त्यांच्या भिंतीला टेकून उभी आहे. मी जेव्हा जेव्हा तिथून जातो, मला तो कागद आठवतो. आपण सुशिक्षित म्हणवणारी माणसं अशा वेळी काय करतो आणि काय करायला हवं, याचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

सायकल कुणाची?

ती सायकल सरकारी योजनेतली होती. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना चांगली आहे, यात शंका नाही. आमच्याकडे सातवीनंतर घरी बसणाऱ्या किती तरी मुली या सायकलीमुळे दहावीपर्यंत पोहोचल्या. पण सायकल देणाऱ्या सरकारने ती चालवायला रस्ता दिलेला नाही. तालुक्याचा रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि सायकलवाल्याच्या वाट्याला साइडपट्टीसुद्धा राहिली नाही.

शहरात हौसेने सायकल चालवणारे आहेत, पण रोज नाइलाजाने चालवणारे जास्त आहेत. पहाटे पेपर टाकणारी पोरं, दूधवाला, वॉचमन, शिफ्ट संपवून घरी निघालेला यंत्रमाग कामगार, शाळेची मुलं. यांच्या भोवती ना पत्रा आहे ना एअरबॅग. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यात चार हजार आठशेहून जास्त सायकलस्वार होते. त्याच वर्षी तीस हजारांहून अधिक मृत्यू ‘हिट अँड रन’चे, म्हणजे धडक देऊन गाडी पळून गेलेली. आणि दहापैकी सात मृत्यूंमागे कारण एकच, अतिवेग.

वेगाचं गणित आम्ही नववीला शिकवतो. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. तीसच्या वेगाने बसलेला धक्का आणि साठच्या वेगाने बसलेला धक्का यांत चारपट फरक आहे. सायकलवरच्या मुलासाठी हा फरक बहुतेक वेळा दवाखाना आणि कब्रस्तान यांच्यातला असतो.

पहिले काही तास

२८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ अवतार सैनी सायकल चालवत होते. इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख, संगणकाच्या प्रसिद्ध चिप्स घडवणाऱ्या चमूतले इंजिनिअर, वय ६८. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना उडवलं. इतका मोठा माणूस गेला, तरी लागलेलं मुख्य कलम होतं ३०४-अ, निष्काळजीपणाने मृत्यू. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं.

त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन होता. जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सगळा देश संतापला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि मुलाचे आई-वडील अटकेत गेले. त्या आरोपांचा निकाल कोर्ट देईल. पण पोलिसांचा आरोप खरा धरला, तर एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पैसेवाल्यांना पहिल्या काही तासांची किंमत पक्की माहीत असते. रक्तात दारू होती का, स्टिअरिंगवर कोण होतं, ब्रेकच्या खुणा कुठे होत्या, हे सगळे पुरावे तासाभरात, दिवसभरात विरून जातात. आपण नेमके तेच तास हॉटेलात बसून, स्टॅम्प पेपर लिहिण्यात घालवतो.

कायदा कुठे उभा आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा आजही जामीनपात्र आहे. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं १०६(२) हे कलमही त्यात लिहिलेलं आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला आणि सरकारने ते कलम लागूच केलं नाही.

ट्रकचालकांचं म्हणणं सरसकट खोटं नव्हतं. थांबलं तर जमाव मारतो, गाडी जाळतो, ही भीती खरी आहे. आपल्या घराघरांत ड्रायव्हर आहेत, आपल्याला ती माहीत आहे. म्हणून जमावाने हात उचलणं याला इन्साफ म्हणता येणार नाही. त्याने पुढचा ड्रायव्हर थांबायचाच बंद होतो. पण भीती असली तरी जबाबदारी संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आहेत आणि जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं आहे. जागेवर थांबणं धोक्याचं वाटलं तर सरळ पोलीस ठाणं गाठता येतं.

पैसे कुणाच्या खिशातून जातात?

बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?’ त्या रात्री मीही हेच म्हणालो होतो. इथेच आपली सगळ्यात मोठी चूक होते.

प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा काढणं कायद्याने सक्तीचं आहे. विमा चालू असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवतं आणि ती साधारणपणे विमा कंपनी भरते. ड्रायव्हरच्या चुलीतलं लाकूड त्यात जात नाही. उपचाराचा खर्च, कायमचं अपंगत्व, बुडालेली कमाई, पुढची काळजी, सगळ्याचा विचार तिथे होतो. पंचवीस हजारांत मिटवून आपण गरीब ड्रायव्हरला वाचवलं, असं वाटतं. खरं तर आपण विमा कंपनीचे पैसे वाचवले आणि भार मजूर बापाच्या डोक्यावर ठेवला.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी दार बंद होत नाही. अशा प्रकरणांत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजारांची सरकारी भरपाई आहे. पण त्यालाही पोलिसांत नोंद हवी. नोंद नसेल तर कागदोपत्री तो अपघात झालेलाच नाही.

काही घरांत भरपाईला ‘खून का पैसा’ म्हणून हात लावत नाहीत. त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण आपल्याच शरीयतमध्ये चुकून झालेल्या हत्येलाही, कत्ल-ए-खताला, दियत आणि कफ्फारा आहे. इरादा नव्हता म्हणून हिशेब माफ, असं तिथेही नाही. वारसांना माफ करण्याचा हक्क जरूर आहे. पण आपला हक्क किती आहे हे ठाऊक असलेला माणूस माफ करतो, ते खरं माफ करणं. हॉटेलातल्या दबावाखाली केलेली सही ही माफी कशी होईल?

रस्ता बांधणाऱ्याचं काय?

आमच्या मुलीच्या प्रकरणात ड्रायव्हर चुकला, हे खरं. पण वाहून गेलेल्या साइडपट्टीला कुणी काही विचारलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मामुली आहे, पण रस्ताही गुन्हेगार असू शकतो हे कायद्याने मान्य केलं आहे. आपण तक्रारीत खड्ड्याचा उल्लेखच करत नाही, मग त्या कलमाची धूळ कोण झटकणार?

त्याच दुरुस्तीत पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसारख्या वाहनांसाठी राज्यांनी नियम करावेत, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की हे नियम सहा महिन्यांत करा. म्हणजे कायदा होऊन सहा वर्षं लोटली तरी सायकलवाला कुणाच्या यादीतच नव्हता.

आपल्या घरातही पाहू या

दुसऱ्याचा हिशेब मागताना स्वतःचाही द्यावा लागतो. चांदरातीला आपल्या मोहल्ल्यात काय चालतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, एका बाइकवर तिघे, सायलेन्सर काढलेला, आणि अम्मी कौतुकाने सांगते, "आमचा राजू दहाव्या वर्षापासून गाडी चालवतो." अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोर्शेच्या बातमीवर चिडणाऱ्या आपण आपल्या घरातली चावी कुठे टांगलेली असते, हेही पाहावं.

उद्या वेळ आली तर

आधी जीव. १०८ वर अ‍ॅम्ब्युलन्स, ११२ वर पोलीस. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं, तेव्हा ‘लफड्यात पडू नका’ ही शिकवण आता सोडून द्या. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. नेमलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत. दवाखान्यात तिची चौकशी करा.

मग पुरावा. गाडीचा नंबर, जागा, रस्त्याची कड, सायकल, सगळ्याचे फोटो काढा. सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका. त्याच दिवशी फिर्याद द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, असा २०२२ पासूनचा नियम आहे. त्याचा पाठपुरावा करा. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. आपण जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. माझ्या विद्यार्थिनीला तो मिळाला असता. मला तेव्हा हे माहीत नव्हतं आणि मी विचारायलाही गेलो नाही.

आणि कोणत्याही कोऱ्या किंवा घाईच्या कागदावर सही करू नका. मृत्यूच्या गुन्ह्यात तर परस्पर तडजोड कायद्याला मान्यच नाही.

या जूनमध्ये ती मुलगी पुन्हा वर्गात आली. थोडी लंगडते, आता अब्बा तिला सोडायला येतात आणि त्या दिवशी त्यांची अर्धी हाजरी जाते. शाळेतर्फे आम्ही सार्वजनिक बांधकाम खात्याला अर्ज दिला आहे. शाळेजवळ गतिरोधक, वेगमर्यादेचा फलक आणि दोन किलोमीटर साइडपट्टी भरून द्यावी, एवढी मागणी आहे. एकशे चौदा पालकांच्या सह्या आहेत. पोच घेतली आहे, उत्तर अजून नाही. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन विचारतो. तो अर्जही माझ्याच अक्षरात आहे.