रस्त्याकडेचे गवत

ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया–कोहमारा मार्गावर मुरदोलीनजीक एका तरुण वाघास मोटारीची धडक बसून त्याचा अंत झाला. १९९९ पर्यंत तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता; आणि नागझिरा व नवेगाव यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या जनावरांना जिल्ह्यांच्या सीमा आजही ठाऊक नाहीत. त्या रात्रीचा दोष गवताच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. तथापि लाखनी–साकोलीकडील रानातून पावसाळ्यात प्रवास करणाऱ्या कोणासही विचारावे; डांबराच्या कडेला भिडलेले पुरुषभर गवत व घाणेरीची जाळी त्याने पाहिलेलीच असणार.

शाळेतील गणिताचाच हा हिशेब आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. चालकास धोका उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर रस्ता मागे पडलेला असतो. गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगळेच. गवतातून उसळलेले चितळ मात्र एका उडीत रस्त्यावर येते.

नॉर्वेत लोहमार्गालगतची झुडपे काढल्यावर मूस या थोराड हरणांचे अपघात निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. परंतु केवळ विळा चालवून भागत नाही, ही गोष्ट आमच्या कंत्राटदारांस कोणी सांगावी? ओल असताना एकदाच कापलेल्या वा जाळलेल्या गवतास कोवळे कोंब फुटतात, आणि रान वाळू लागले की चितळे नेमकी तेथेच चरावयास येतात. म्हणजे ज्यांना दूर ठेवावयाचे, त्यांनाच आपण पंगतीस बोलावतो!

म्हणून श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत कडेची पट्टी वारंवार छाटावी, कापलेले गवत उचलून न्यावे आणि ते काम बांधकाम खाते व वनखाते यांनी पावसाळ्यापूर्वीच आपसांत वाटून घ्यावे, अशी आमची मागणी आहे. या निमित्ताने मोठ्या वृक्षांवर कुऱ्हाड चालविण्यास मात्र आमचा सक्त विरोध राहील. वानरे रस्ता ओलांडतात ती त्यांच्याच फांद्यांवरून.

पेंचमधील महामार्ग ४४ खालील नऊ मार्गांचा वापर २०१९ मध्ये वाघासह १८ जातींच्या प्राण्यांनी केल्याची नोंद आहे. तसे भुयारी मार्ग सर्वत्र हवेतच. पण त्यांना वर्षे लागतात, कोट्यवधी रुपये लागतात. विळ्यास यंदाचाच पावसाळा पुरेल.