उपकर भरला जनतेने, धूरही गिळायचा जनतेनेच?

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातील सुमारे ७८ टक्के कोळशाच्या वीज संचांना सल्फर डायऑक्साइड वायू रोखणारी यंत्रणा बसविण्याच्या बंधनातून मोकळे केले. कारण काय दिले? खर्च फार, वीज महागेल आणि गरिबाला भुर्दंड पडेल. गरिबाच्या नावाने घेतलेला प्रत्येक निर्णय तपासून घ्यावा, हे आम्ही चळवळीत शिकलो आहोत. म्हणून हाही हिशेब तपासू या.

आधी ही यंत्रणा काय आहे ते समजून घेऊ. वीज केंद्राच्या धुरातील राख पकडणारी यंत्रे बहुतेक ठिकाणी आहेत, पण वायू त्यांच्यातून सुटून जातो. एफजीडी या यंत्रणेत धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारतात. त्यात वायू अडकतो आणि त्याचे जिप्सम होते. वायू अडवला नाही तर हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, शेकडो किलोमीटर जातात आणि माणसाच्या फुप्फुसात खोलवर उतरतात.

हा नियम आला ७ डिसेंबर २०१५ रोजी. मुदत होती दोन वर्षांची. ती २०२२ पर्यंत वाढली. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा वाढली. दहा वर्षांत ५३७ संचांपैकी जेमतेम चाळीसेक संचांवर यंत्रणा उभी राहिली. झोपडीचे वीजबिल दोन महिने थकले तर तार कापली जाते. येथे दहा वर्षे कायदा थकला, तर कायदाच कापला गेला!

आता पैशाकडे येऊ. १ जुलै २०१० पासून केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो २०१४ मध्ये १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. हा कर कंपनीने खिशातून भरला नाही, तो वीजबिलातून तुम्ही-आम्ही भरला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जा निधीकडे वळते झाले त्यातले साडेएकोणतीस हजार कोटी आणि प्रकल्पांवर खर्च झाले केवळ सोळा हजार कोटींच्या आसपास. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हाच ४०० रुपयांचा उपकर राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द झाला आणि त्याच वेळी कोळशावरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला.

एक साधे गणित पाहा. एक युनिट वीज बनवायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे युनिटमागे २६ ते २८ पैसे. आणि एफजीडीमुळे वीज किती महागेल असे सांगितले जाते? युनिटमागे २५ ते ३० पैसे! म्हणजे जेवढ्या पैशाच्या नावाने आज हात वर केले जातात, जवळजवळ तेवढेच पैसे जनतेने नऊ वर्षे युनिटमागे मोजले आहेत. मग महागाईचे भय दाखवून फसवले कोणाला?

कायद्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून किंवा राजधानी क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना डिसेंबर २०२७ पर्यंत यंत्रणा सक्तीची आहे. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक प्रकरण पाहून करणार. चंद्रपूर याच वर्गात मोडते. उरलेल्यांना चिमणीच्या उंचीची अट पाळली की माफी. संविधानाचे कलम १४ वर्गीकरणाला परवानगी देते, पण ते वर्गीकरण हेतूशी सुसंगत असावे लागते. हेतू जर माणसाचे फुप्फुस वाचविण्याचा असेल, तर महानगरातले फुप्फुस आणि गावकुसातले फुप्फुस यांत फरक कोणत्या तर्काने केला? वारा दहा किलोमीटरवर येऊन थांबतो काय? कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. हा हक्क जनगणनेचे आकडे पाहून मिळत नाही.

भारतीय कोळशात गंधक कमी असते, ही सरकारची बाजू खोटी नाही. एफजीडीला पाणी, चुनखडी आणि स्वतःची वीज लागते, हेही खरे. पण गंधक कमी असले तरी जाळला जाणारा कोळसा किती प्रचंड आहे! चिमणीजवळ वायू कमी मोजला गेला, म्हणून दूर जाऊन बनणारे कण नाहीसे होत नाहीत.

सक्ती केली तर काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. आदिवासीबहुल डहाणूत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये तेथील खासगी केंद्राला एफजीडी बसवायला सांगितले. कंपनीने वर्षानुवर्षे वेळ काढला, पण प्राधिकरण मागे हटले नाही आणि २००७ मध्ये यंत्रणा उभी राहिली.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात वीज हे खाते बाबासाहेबांकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिची जबाबदारी राज्याने घ्यावी, अशी त्यांची भूमिका होती. कारण उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून आम्ही विजेच्या विरोधात नाही. पण स्वस्त वीज म्हणजे ज्याचा खर्च बिलावरून पुसून मजुराच्या छातीवर लिहिला जातो ती वीज नव्हे.

आमची मागणी सरळ आहे. महानिर्मितीसारख्या सार्वजनिक कंपन्यांच्या केंद्रांना केंद्राने कोळशावरील करातून थेट अनुदान द्यावे. जनतेकडून उपकर एकदा घेतला आहे, २०१८ च्या निर्देशाप्रमाणे तोच खर्च वीजदरात घालून दुसऱ्यांदा वसूल करू नये. खासगी कंपन्यांना मात्र एक पैसाही देऊ नये. प्रदूषण करील तो भरील, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. आणि प्रत्येक केंद्राच्या चिमणीतील वायूची मोजणी गावाच्या चावडीवर मराठीत लागली पाहिजे.

वीज केंद्राच्या परिसरातील आपल्या कार्यकर्त्यांनी आजच कामाला लागावे. माहितीच्या अधिकारात मोजणीचे आकडे मागा. ग्रामसभेत ठराव घ्या. दवाखान्यातील दम्याच्या रुग्णांच्या नोंदींसाठी पाठपुरावा करा. कागद जमला तर हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते, नुसत्या घोषणांनी ते उघडत नाही. उपकर आम्ही भरला आहे. त्याचा हिशेब मागणे हा आमचा हक्क आहे.