हंगामाची अखेर आणि नवे संगीत

युरोपातील चेंबर ऑर्केस्ट्रांच्या हंगामाचा अखेरचा कार्यक्रम बहुधा हायडन-मोझार्टच्या भरवशावर पार पडतो. आधुनिक रचना असलीच, तर ती मध्यंतरापूर्वी, कडू काढ्यासारखी पाजली जाते. श्रोत्यांनाच नवे नको असते, हे व्यवस्थापकांचे ठरलेले उत्तर.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९२६ साली चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापणाऱ्या पॉल झाखर यांनी ते उत्तर मानले नाही. त्यांनी जुने व अगदी नवे शेजारी मांडले. नवे तर मोबदला देऊन लिहवून घेतले. बार्टोकचे ‘दिव्हर्तिमेंतो’ १९३९च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध दाराशी आले असता, त्यांनीच दिलेल्या डोंगरातील घरात पंधरवड्यात पुरे झाले. मूठभर वादक एका बाजूस व सारा वृंद दुसऱ्या बाजूस, हा त्याचा घाट जुनाच. मधल्या संथ भागातील आक्रोश मात्र त्या उन्हाळ्याचा. जुन्या रचनेपाठोपाठ ऐकले, म्हणजे हे नाते कानाला आपोआप उमगते.

झाखर यांच्यामागे विवाहसंबंधाने आलेली औषध-कारखानदारीची संपत्ती होती, हे खरे. पण जेथे तिकीटखिडकी धजत नाही तेथे धजता यावे, यासाठीच तर इतरांना सरकारी अनुदान मिळते! निदान अखेरच्या रात्री, सभागृह भरलेले असताना, नवी रचना मध्यंतरानंतर वाजवावी. श्रोते खरोखर उठून जातात काय, ते तरी कळेल.