यंत्र रुसले की आपण उतावळे?

संगणकात नवा भाग बसवावा, मोठ्या उत्सुकतेने कळ दाबावी आणि पडदा काळाच राहावा, हा प्रकार आता घरोघरी घडू लागला आहे. अशा वेळी ‘यंत्र बिघडले’ असा निकाल तत्काळ दिला जातो आणि पाठोपाठ खर्चाची यादी निघते. आमच्या मते हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. यंत्र काल चालत होते, आज चालत नाही; मध्यंतरी बदलली ती एकच वस्तू. मग चौकशी तेथूनच सुरू व्हावयास नको काय?

स्मृतिपट्टीचे, म्हणजे बाजारात जिला ‘रॅम’ म्हणतात तिचे, उदाहरण घ्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाच मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेवलेली असते; चुकीची पट्टी बसूच नये, ही त्यातील योजना. (तरीही अंगठ्याच्या बळावर ती बसवू पाहणारे वीर असतातच!) योग्य पट्टीदेखील पुरती दाबली गेली नाही, तर यंत्र मुके राहते. विजेची जोडणी काढावी, पट्टी उतरवून पुन्हा नीट बसवावी. तेवढ्याने भागले नाही तर जुनीच पट्टी लावून पाहावी. जुन्या पट्टीवर यंत्र चालू झाले की निम्मा शोध पुरा झाला. डीडीआर५ च्या बाबतीत तर नवी पट्टी प्रथम पारखून घेण्यास कित्येक यंत्रांना काही मिनिटे लागतात. तेवढा वेळही न थांबता आपण कळ पुन्हा पुन्हा दाबतो!

खोबण जुळली म्हणजे सारे जुळले, असेही नाही. २०१८ साली एएमडी कंपनीने एएम४ खोबणीचे नवे रायझन प्रोसेसर बाजारात आणले. जुन्या मदरबोर्डावर ते बसत; परंतु यंत्राला जागे करणारी बायॉस ही आज्ञावली जुनी असल्यास ती त्यांना ओळखत नसे. बायॉस नवे करावे तर यंत्र चालू हवे, आणि यंत्र चालू व्हावे तर बायॉस नवे हवे! अखेर अशा ग्राहकांस कंपनीने एक चालणारा प्रोसेसर तात्पुरता उसना देऊ केला. येथे बिघडलेले असे काहीच नव्हते.

पुष्कळ यंत्रे आपले दुखणे स्वतःच सांगतात. कोणी ठराविक वेळा ‘बीप’ असा आवाज करते, कोणी लहानसा दिवा लावते. त्याचा अर्थ मदरबोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि नेमकी तीच रद्दीत गेलेली असते.

हे सारे नववीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. तथापि अनेक शाळांतून संगणकाच्या पेटीस हात लावण्याची मनाई असते. नुकसानीची भीती अगदीच खोटी नव्हे. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग निकामी होऊ शकतात, आणि वीजपुरवठ्याचा डबा तर जोडणी काढल्यावरही उघडू नये. पण प्रयोगशाळेत आम्ल हाताळू देणाऱ्या शाळेने पेचकसाला भ्यावे, हे आम्हांस पटत नाही. अडगळीत पडलेले एखादे यंत्र शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गापुढे उघडावे, एका वेळी एकच भाग बदलावा, काय घडले ते वहीत टिपून ठेवावे. निदान येत्या सुट्टीपूर्वी एवढे व्हावे, अशी चालकांस आमची विनंती आहे.